पान उलटण्याआधी दिसलेलं चित्र

आठ पानांची एक चित्रकथा आहे. तिच्यात एक मुलगी जिना चढते. शब्द एकही नाही. पानावर सहा-सहा चौकटी: कठड्यावरचा तिचा हात, चपलेचा सैल झालेला पट्टा, भिंतीवरचा ओलीचा डाग, पुन्हा हात. पाचव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ती दाराच्या कडीला हात घालते. वाचणारा पान उलटतो. सहावं पान म्हणजे अख्खं एकच चित्र. रिकामी खोली.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती हाताने टाचलेल्या एका पातळ पुस्तिकेत. पान उलटताना दार मीच उघडते आहे असं वाटलं होतं, आणि खोली दिसल्यावर पोटात खड्डा पडला होता. काही वर्षांनी तीच कथा एका जाडजूड संकलनात भेटली. छपाई उत्तम, कागद पुस्तिकेपेक्षा कितीतरी चांगला. पण संपादकांनी कथेआधी चित्रकाराची ओळख करून देणारं एक पान घातलं होतं, त्यामुळे कथा उजव्याऐवजी डाव्या पानावर सुरू झाली होती. मग पाचवं पान डावीकडे आलं आणि सहावं त्याच्या शेजारी, उजवीकडे. चौथं पान उलटलं की रिकामी खोली आधीच समोर. मुलगी अजून जिन्यात आहे, आणि वर कुणी नाही हे मला कळून चुकलंय. कुणी एक रेषासुद्धा पुसलेली नव्हती. तरी त्या कथेतली जीव असलेली जागा गेली होती.

तेव्हापासून कॉमिक्सच्या संकलनांबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. ती मी घेते, वाचते, दुसऱ्यांना वाचायला देते. त्यांच्याशिवाय मला निम्मे चित्रकार ठाऊकच झाले नसते. आणि जवळजवळ प्रत्येक संकलन मिटताना काहीतरी खटकत राहतं. हे खटकणं एका वाचकाच्या आवडीनिवडीपुरतं असतं तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण ही संकलनं ग्रंथालयात जातात, अभ्यासक्रमाला लागतात, आणि या माध्यमाशी ज्याची कधी गाठ पडली नाही अशा माणसाच्या हातात पहिल्यांदा बहुतेक वेळा तीच पडतात. त्यामुळे ती कशी व्हावीत, हा सगळ्यांनीच बोलायचा विषय आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की कॉमिक्सचं संकलन कथासंग्रहासारखं करता येत नाही, आणि बहुतेक संपादक ते तसंच करतात.

कथा किंवा निबंध एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात नेला, अक्षराचा आकार बदलला, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या, तरी लेखकाचं फारसं काही बिघडत नाही. मजकूर पाण्यासारखा असतो, भांडं बदललं की त्याचा आकार घेतो. कॉमिक्समध्ये भांडंच चित्रकाराने घडवलेलं असतं. पान किती उंच, एका रांगेत चौकटी किती, दोन चौकटींमधली पांढरी फट किती रुंद, नजर कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार, पान संपताना काय दिसणार, हे सगळं म्हणजेच त्याचं लेखन. चौकटींमधल्या त्या फटीत वाचक स्वतः गोष्ट जोडून घेतो, हे स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली या माध्यमावर काढलेल्या चित्ररूप पुस्तकात फार सोपं करून दाखवलं. दोन चौकटींमध्ये फट असते तशी दोन पानांमध्येही असते, आणि ती सगळ्यात मोठी. तिथे वाचकाचा हात हलावा लागतो. साप्ताहिकातून एकेक पान छापून येत होतं तेव्हा टिनटिन या बेल्जियन चित्रमालिकेच्या पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात हमखास काहीतरी लटकत ठेवलेलं असे, ते उगाच नाही.

आकाराचंही तेच. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांचा छोटा निमो, झोपेत स्वप्ननगरीत भटकणारा मुलगा, १९०५च्या ऑक्टोबरपासून न्यूयॉर्क हेराल्डमध्ये रविवारी अख्ख्या पानावर येऊ लागला. वर्तमानपत्राचं पूर्ण पान, म्हणजे साधारण सोळा इंच रुंद आणि एकवीस इंच उंच. १९०८ सालच्या जुलैमधलं त्याचं एक पान पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं: निमोच्या पलंगाला पाय फुटतात, ते लांब लांब होत जातात, आणि पलंग शहरातल्या घरांवरून ढांगा टाकत निघतो. पाय वाढतात तशा चौकटीही उंच होतात. आणि अगदी शेवटी, खाली उजव्या कोपऱ्यात, एका चिमुकल्या चौकटीत निमो पलंगाखाली पडून जागा झालेला. लहान मुलाने वर्तमानपत्र जमिनीवर पसरून त्यावर ओणवं होऊन ते पाहिलं असेल तर त्या पलंगाची उंची जवळजवळ त्याच्या धडाएवढी भरली असेल. संकलनात हे पान नऊ इंचांवर येतं. चौकटींचं आपसातलं प्रमाण तेच राहतं, हे खरं. पण उंचीची भीती प्रमाणात नसते, ती पाहणाऱ्याच्या अंगाशी मोजली जाते. संवादाच्या फुग्यांतली अक्षरं तर मुंगीएवढी होतात. भिंग घेऊन वाचावं लागणारं कॉमिक हे मला नेहमीच वाईट वाटायला लावतं, कारण चित्र आणि शब्द एका नजरेत यावेत हीच तर या माध्यमाची सगळी करामत.

मग पूर्ण आकारात छापा, असं म्हणणं सोपं आहे, आणि तसं झालेलंही आहे. २००५ साली निमोची निवडक पानं मूळ आकारात छापणारं पुस्तक निघालं. २००८ साली क्रेमर्स एर्गॉट या संकलनमालेचा सातवा अंक त्याच सोळा बाय एकवीस इंचांच्या आकारात निघाला, आणि त्यातल्या समकालीन चित्रकारांनी त्या मोठ्या पानासाठीच नवं काम केलं. तो अंक देखणा होता यात शंका नाही. पण तो मांडीवर मावत नाही, साध्या फळीवर उभा राहत नाही आणि बेताच्या कमाईच्या वाचकाच्या आवाक्यात येत नाही. जे माध्यम रविवारच्या पुरवणीतून घरोघर गेलं, ते वाचायला मोठं टेबल आणि मोठी मिळकत लागावी, हेही मला पटत नाही. तेव्हा आकाराच्या बाबतीत मी तडजोडीला तयार आहे. मूळ पान केवढं होतं, हे कोपऱ्यात स्पष्ट लिहा. एखादीच चौकट मूळ मापात शेजारी छापा, म्हणजे वाचकाला मनातल्या मनात बाकीचं मोठं करून घेता येईल. पान उलटण्याच्या जागा सांभाळायला तर पैसेही लागत नाहीत. एक कोरं पान घालायचं, बस्स.

तडजोड मला करवत नाही ती तुकड्यांच्या बाबतीत.

आजची बहुतेक मोठी संकलनं उताऱ्यांनी भरलेली असतात. अमेरिकेत २००६ ते २०१९ अशी चौदा वर्षं दरवर्षी निघालेली 'वर्षातली सर्वोत्तम कॉमिक्स' सांगणारी मालिका घ्या. दरवर्षी वेगळा पाहुणा संपादक ही तिची पद्धत मला आवडायची, कारण आवडीला चेहरा होता. पण अंक उघडला की दोन-तीनशे पानांच्या दीर्घ कथेतली दहा पानं, मग दुसऱ्या तसल्याच कथेतली बारा, मग तिसरीतली सात, असं बरंचसं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला वाचक अनोळखी घरात शिरल्यासारखा इकडेतिकडे बघतो. ही कोण, तो हिचा कोण, हे दोघं गप्प का आहेत. ते उमगायला लागतं तोच तुकडा संपतो.

कादंबरीतला उतारा वाचताना निदान लेखकाचा आवाज पहिल्या परिच्छेदात कानाला लागतो. चित्रकथेत ओळख हळूहळू होते, आणि बरीचशी न कळत होते. चाळीस पानं एका माणसाची वाकलेली पाठ बघितल्यावर एकेचाळिसाव्या पानावर तो ताठ उभा राहतो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. संकलनात फक्त एकेचाळिसावं पान आलं तर तिथे एक माणूस ताठ उभा आहे, एवढंच दिसतं. संपादकाने तेच पान निवडलं याचं कारण उघड आहे. त्याने आधीची चाळीस पानं वाचली होती, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ते पुस्तकातलं सर्वांत मोलाचं पान होतं. आपल्याला मिळतं ते त्याच्या आनंदाचं टिपण, आनंद नव्हे.

याच्या उलट, पूर्ण छोटी चित्रकथा संकलनात किती उजळून निघते, याचं उदाहरण मला नेहमी आठवतं ते बर्नार्ड क्रिगस्टीन यांच्या 'मास्टर रेस'चं. १९५५ साली ईसी कॉमिक्सच्या 'इम्पॅक्ट' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात ती आली. क्रिगस्टीनना सहा पानांची कथा दिली होती. त्यांनी बारा पानं मागितली आणि घासाघीस करून आठ मिळवली. छळछावणीचा एक माजी अधिकारी, ओळख लपवून जगणारा, भुयारी रेल्वेत बसलेला आहे. डब्यात एक माणूस चढतो आणि त्याला बघताच याचा भूतकाळ उसळून वर येतो. पानं कमी पडली म्हणून क्रिगस्टीननी चौकटी उभ्या चिरल्या, एकेका क्षणाच्या चार-चार फाका केल्या. शेवटच्या पानावर तो माणूस फलाटावरून घसरत जातो त्या हालचालीच्या बारीक उभ्या पट्ट्या, आणि मग धावत्या गाडीच्या खिडक्यांतले चेहरे, तोच तोच चेहरा एका खिडकीत चार-पाच वेळा, वेगाने फाटलेला. साध्या रेषेत वेग पकडायला माणसाने काय केलं आहे, हे बघत मी त्या पानावर पाव तास थांबले होते. आणि हे सगळं आठ पानांत, सुरुवात-मध्य-शेवटासकट. अशी कथा कुठल्याही संकलनात अख्खी मावते. ती नसती छापली गेली तर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात किती जणांनी शोधली असती?

इथे माझं दुसरं मन बोलू लागतं, आणि त्याचं म्हणणंही तितकंच खरं आहे. कॉमिक्स हे जपून ठेवायची वस्तू आहे असं फार काळ कुणालाच वाटत नव्हतं. ती वाचून टाकून द्यायची गोष्ट होती. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी गेल्या शतकाच्या मध्याला जुनी वर्तमानपत्रं सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) उतरवून घेतली आणि मूळ गठ्ठे मोडीत काढायला सुरुवात केली. सूक्ष्मपट काळापांढरा. म्हणजे रविवारच्या रंगीत पानांचे रंग कायमचे गेले. ही नासाडी बघवेना म्हणून बिल ब्लॅकबिअर्ड या गृहस्थांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीला सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःच्या राहत्या घरात एक संस्थाच काढली आणि टाकून दिले जाणारे गठ्ठे उचलून आणायला लागले. तीस वर्षांनी तो संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला तेव्हा त्याचं वजन सुमारे पंचाहत्तर टन भरलं आणि तो न्यायला सहा मोठे मालट्रक लागले. याच ब्लॅकबिअर्डनी मार्टिन विल्यम्स यांच्या साथीने १९७७ साली स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेसाठी वर्तमानपत्री कॉमिक्सचं मोठं संकलन केलं. त्या एका पुस्तकाने कितीतरी विस्मृतीत गेलेले चित्रकार पुन्हा वाचकांपुढे आणले. त्यातली पानं लहान केलेली आहेत, लांब चाललेल्या मालिकांचे त्यात तुकडेच आहेत. मी वर जे जे दोष मोजले ते सगळे त्यात आहेत. तरी त्या पुस्तकासमोर मी हात जोडते. आग लागलेल्या घरातून माणूस मिळेल ते बाहेर काढतो. त्याला कुणी विचारत नाही की जोडीतली दुसरी वाटी कुठे आहे.

पण आता घर पेटलेलं नाही. जुन्या मालिकांचे संपूर्ण संच निघत आहेत, दीर्घ चित्रकथा पुस्तक म्हणून स्वतंत्र आवृत्त्यांत मिळतात, पडद्यावर हवं ते पान हव्या त्या आकारात बघता येतं. तेव्हा १९७७ साली जी लाचारी होती तिची सवय करून घ्यायचं कारण उरलेलं नाही. आजचा संपादक दहा-दहा पानांचे तुकडे गोळा करतो तेव्हा तो काही वाचवत नसतो, तो नमुने वाटत असतो.

नमुने वाटण्यात वाईट काय, असं एक मित्र मला विचारतो. चव कळते, आवडलं तर माणूस मूळ पुस्तक घेतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मीही अशी पाच-सहा पुस्तकं घेतलेली आहेत. पण मूळ पुस्तकापर्यंत न गेलेल्यांचं काय? शिकवणाऱ्याने वर्गात संकलन लावलं, विद्यार्थ्याने त्यातलं एक प्रकरण वाचून परीक्षा दिली, की त्याच्या लेखी तो चित्रकार 'वाचून झाला'. पुढे कधी तो विषय निघाला तर तो आत्मविश्वासाने मत देईल. त्यापेक्षा नमुनाही न वाचलेला वाचक मला परवडतो, कारण त्याची पाटी कोरी असते.

प्रकाशकांची बाजूही मी समजू शकते. अख्ख्या कामाचे हक्क मिळत नाहीत, मिळाले तर महाग पडतात, दुसरा प्रकाशक स्वतःचं पुस्तक कशाला फुकट वाटेल. बरोबर. मग दीर्घ कथा सोडूनच द्या! चार, आठ, सोळा पानांची संपूर्ण कामं या माध्यमात इतकी पडलेली आहेत की वर्षाला दोन संकलनं काढली तरी संपायची नाहीत. उलट याच छोट्या कामांना स्वतःचं पुस्तक मिळत नाही. दोनशे पानांच्या चित्रकथेला कणा असतो, तो फळीवर उभा राहतो, त्यावर नाव असतं. आठ पानांच्या टाचलेल्या पुस्तिकेला कणाच नसतो. ती दोन पुस्तकांमध्ये सरकते आणि हरवते. संकलनाची गरज तिला आहे. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला खोली देऊन बेघराला दारात उभं करायचं, असा हा उफराटा कारभार चाललाय.

भाषांतरित कॉमिक्सचा एक वेगळाच पेच आहे. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचायची. पाश्चात्त्य प्रकाशकांनी बराच काळ ती आरशात धरल्यासारखी उलटी करून छापली. त्याने सगळी पात्रं डावखुरी झाली हा भाग जाऊ द्या. किमोनो नेसताना एरवी डावी बाजू उजवीवर येते. उजवी डावीवर आणतात ती प्रेताला किमोनो नेसवताना. म्हणजे चित्र उलटं केलं की अंगणात हसत उभी असलेली माणसं मृतांच्या पोशाखात उभी राहतात. जपानी वाचकाला ते क्षणात खुपेल, आपल्याला कळणारही नाही, आणि मला जास्त टोचतं ते हे न कळणं. नव्या शतकाच्या सुरुवातीपासून मूळ दिशेनेच छापायची रीत पडली, वाचकांनी ती विनातक्रार स्वीकारली. वाचक बदलायला तयार असतो, प्रकाशकच त्याला कमी लेखतो, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं मला सुचत नाही.

आता निवडीकडे वळते. संकलन निघालं की 'अमुक का नाही' ही कुरकुर होतेच, आणि प्रत्येक कुरकुर गांभीर्याने घ्यायची गरज नाही. कुठलीही निवड म्हणजे वगळणं. पण काही वेळा वगळलेल्यांची रांग इतकी सरळ असते की तिच्यामागची भिंत दिसायला लागते. २००५ साली लॉस एंजेलिसमधल्या दोन संग्रहालयांनी मिळून अमेरिकन कॉमिक्सच्या महारथींचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याचं जाडजूड पुस्तकही काढलं. पंधरा चित्रकार, पंधराही पुरुष. २०१६ साली फ्रान्समधल्या आंगुलेम महोत्सवाने आपल्या सर्वोच्च सन्मानासाठी तीस नावं जाहीर केली. त्यात एकही बाई नव्हती. यादीतल्याच अनेक पुरुष चित्रकारांनी आपली नावं मागे घेतली आणि शेवटी आयोजकांना ती यादीच रद्द करावी लागली. त्यांचं आधीचं समर्थन असं होतं की या कलेच्या इतिहासात बायका मुळात कमीच.

हा इतिहास कुणी बांधला, हा माझा प्रश्न आहे. जॅकी ऑर्म्स या कृष्णवर्णीय चित्रकर्तीची टॉर्ची ब्राउन ही चित्रमालिका १९३७ साली पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात सुरू झाली. नाचगाण्यात नाव काढायला घर सोडून निघालेली, टापटीप पोशाखाची, डोकं ताळ्यावर असलेली तरुणी, आणि तीही अशा काळात जेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांतल्या कॉमिक्समध्ये कृष्णवर्णीय माणूस म्हटलं की जाड ओठांचं व्यंगच काढलं जाई. ज्यांनी नंतर गठ्ठे चाळून संकलनं केली त्यांच्या हातात मुख्यतः मोठ्या वर्तमानपत्रांचेच गठ्ठे होते. कुणी दुष्टाव्याने ऑर्म्सना गाळलं असं मी म्हणत नाही. ती वर्तमानपत्रं चाळलीच गेली नाहीत. पहिल्या संकलनात नाव नाही म्हणून दुसऱ्यात नाही, दुसऱ्यात नाही म्हणून अभ्यासक्रमात नाही, आणि अभ्यासक्रमात नाही म्हणून 'मुळात कमीच'. ट्रिना रॉबिन्स यांनी १९७० साली केवळ बायकांनी काढलेलं पहिलं कॉमिक तयार केलं, आणि पुढे आयुष्यातली कितीतरी वर्षं विसरल्या गेलेल्या चित्रकर्त्यांना शोधण्यात घातली. त्यांना जे सापडलं ते गुप्त तळघरात नव्हतं. छापलेलं होतं, लाखो लोकांनी वाचलेलं होतं.

म्हणून मला 'सर्वोत्तम' हा शब्द मुखपृष्ठावर नको आहे. संपादकाने आपलं नाव मोठ्या अक्षरात टाकावं आणि म्हणावं, मी एवढं वाचलं, एवढं माझ्यापर्यंत पोचलंच नाही, त्यातलं मला हे आवडलं. प्रस्तावनेत आपल्या लहानपणाच्या आठवणी थोड्या आवरत्या घेऊन निवड कशी झाली हे सांगावं: कुठली मासिकं चाळली, कुणाचे हक्क मिळाले नाहीत, काय घ्यायचं होतं आणि सोडावं लागलं. एकदा असं सांगितलं की वाचक भांडू शकतो, भर घालू शकतो. 'सर्वोत्तम' म्हटलं की दार बंद.

आणि जुन्या चित्रांतली ती जाड ओठांची व्यंगं? ती गाळू नयेत, असं माझं मत आहे, जरी ती बघताना मला लाज वाटते. निमोच्या स्वप्ननगरीतही असं एक पात्र आहे. ती पानं वगळून निमो छापला तर आपण मॅकेंचा हात जास्त स्वच्छ दाखवतो आणि ऑर्म्सनी काय ओलांडलं ते कळायची सोय काढून घेतो. दोघांची पानं एका संकलनात, थोड्या अंतरावर यावीत. मग टीप लिहायची गरजही कमी पडेल.

संकलनांवर मी इतकं बोलते आहे ते त्यांच्यावर जीव आहे म्हणून. या माध्यमाचा जन्मच एका अर्थी समूहात होतो. जपानमध्ये १९६८ साली सुरू झालेलं शोनेन जम्प हे साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याचं संकलनच. १९९०च्या दशकाच्या मध्यात त्याचा खप पासष्ट लाखांवर गेला होता. वाचकांची पोस्टकार्डं मोजून कुठली मालिका पुढे न्यायची आणि कुठली गुंडाळायची हे तिथे ठरत आलं. ती पद्धत क्रूर आहे, पण नवख्या चित्रकाराचं पान तिथे नामवंताच्या पानाला खेटून छापलं जातं. आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' आज स्वतंत्र ग्रंथ म्हणून सगळीकडे मिळतं, १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. पण त्याचं पहिलं रूप म्हणजे १९७२ साली अनेकांच्या कामाने भरलेल्या एका कॉमिकमधली तीन पानं. आणि पुढे ते प्रकरणाप्रकरणाने वाढलं ते 'रॉ'मध्ये. स्पीगलमन आणि फ्रांस्वाज मूली यांनी १९८०पासून काढलेलं हे नियतकालिक आकाराने भलंमोठं होतं, आणि 'माउस'चं प्रकरण त्यात एका छोट्या वेगळ्या पुस्तिकेसारखं आत जोडलेलं असायचं. मोठ्या पानांच्या मध्ये एक लहानशी वही. त्या कथेला लहान पान हवं होतं, डायरीसारखं, हातात धरून वाचायचं, हे या संपादकांना कळलं आणि त्यांनी आपल्या नियतकालिकाचा आकार तिच्यावर लादला नाही. संकलन कसं असावं असं मला कुणी विचारलं तर ती आत जोडलेली वही मी दाखवीन.

मागच्या महिन्यात माझी भाची माझ्याकडे राहायला आली होती. अकरा वर्षांची आहे. ते जाडजूड संकलन तिने फळीवरून काढलं आणि अर्धी दुपार त्यात गेली. दीर्घ कथांचे तुकडे ती वाचायची, एकदम थांबायची आणि विचारायची, "मावशी, पुढे काय होतं?" त्यातल्या दोन माझ्याकडे होत्या, त्या दिल्या. बाकीच्यांचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

जिना चढणाऱ्या मुलीपर्यंत ती यायच्या आत मी तिच्या हातून पुस्तक घेतलं. टेबलावरचा एक कोरा कागद त्या मापाला कापला, पाचव्या आणि सहाव्या पानाच्या मध्ये ठेवला आणि पुस्तक परत दिलं. "हा का ठेवलास?" तिने विचारलं. मी म्हटलं, तिथे पोचलीस की उचल.

ती वाचत गेली. कठड्यावरचा हात, चपलेचा पट्टा, भिंतीवरचा डाग. कडीला हात घातला त्या चौकटीवर ती थांबली. मग दोन बोटांनी कागदाचा कोपरा धरला आणि लगेच उचलला नाही.